प्रेमिला मॅडमची दुसरी भाषा

अकरावीच्या प्रवेशअर्जात बाराव्या रकान्यात ‘दुसरी भाषा’ असं छापलेलं असतं. पोट्टे हा रकाना सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात बेफिकिरीनं भरतात. कोणी मित्राच्या अर्जात डोकावून लिहितो, कोणी बापाला फोन लावतो, कोणी मलाच विचारतो, “काका, कशात मार्क जास्त भेटते?” मी एकतीस वर्षं त्या खिडकीमागे बसलो. नंदनवन वस्तीतल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाचा मी हेडक्लार्क. पण तसं कोणी म्हणत नाही. शिपायापासून संस्थेच्या सचिवांपर्यंत सगळे मला बडे बाबूच म्हणतात. वामनराव हे नाव घरच्या रेशनकार्डावर तेवढं उरलं आहे. त्या बाराव्या रकान्यानं एका बाईच्या आयुष्याचं काय केलं ते मी पाहिलं. नुसतं पाहिलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

प्रेमिला गजभिये आमच्याकडे मराठी शिकवायच्या. सडपातळ बांधा, भरभर चाल, खांद्याला कापडी पिशवी. मला त्यांचा पहिली दहा वर्षं रागच यायचा. मी फलकावर लावलेली प्रत्येक नोटीस त्या लाल पेनानं तपासायच्या. सगळ्या कॉलेजासमोर माझ्या ‘सुचने’चा उकार दीर्घ करून ठेवायच्या आणि वर विचारायच्या, “बडे बाबू, राग तर नाही न आला?” राग यायचाच. पण त्यांचा तास चालू असला की मी कामाचं निमित्त काढून त्या व्हरांड्यातून जायचो, हेही खरं. वाणिज्यचे दांडगे पोट्टे, जे माझ्या अंगावर धावून यायला कमी करत नसत, ते त्यांच्या वर्गात मान खाली घालून कविता ऐकायचे.

त्या मूळच्या भिवापूरच्या. वडील, नत्थू गजभिये, लवकर गेले. आई बायजाबाई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, देठं खुडायला जायच्या. दिवसभर मिरचीत राहिलेल्या हातानं लेकराच्या तोंडाला हात लावता येत नाही, म्हणून संध्याकाळी घरी आल्यावरही त्या लेकीला जेवू घालायला शेजारणीला हाक मारायच्या. हे मॅडमनीच मला सांगितलं होतं, अगदी सहज, बस उशिरा आली हे सांगावं तसं. त्या आईनं लेकीला एम.ए., बी.एड. केलं आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली. पोरीची नोकरी पक्की झालेली तिला डोळ्यांनी पाहायची होती.

तेच होत नव्हतं. मॅडम शिकवायच्या ती तुकडी विनाअनुदानित. म्हणजे सरकार पगार देत नाही. संस्था देते, तिला वाटेल तेव्हा आणि वाटेल तेवढा. एक दिवस अनुदान येईल, पद मंजूर होईल, सरकारी पगार सुरू होईल, या आशेवर माणसं तिथे म्हातारी होतात. मॅडमची एकवीस वर्षं झाली होती. मधल्या काळात दोन चांगली स्थळं आली. एक पुण्याचं, एक औरंगाबादचं. दोन्हींना त्यांनी नकार दिला, कारण नोकरीत खंड पडला तर वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या आणि बायजाबाई नंदनवनातच दोन खोल्यांत राहत होत्या. त्या कॉलेजातून घरी गेल्या की आई विचारायची, “आला का वं कागद?”

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ध्यानात ठेवावी. आमच्याकडच्या सगळ्या विनाअनुदानित शिक्षकांची एक समजूत आहे, की आपलं नाव एकदा अनुदानाच्या प्रस्तावात गेलं की पद आपल्या नावाचं झालं. मॅडमचीही तीच होती. ती चुकीची आहे. पद माणसाचं नसतं, विषयाचं असतं. दरवर्षी तीस सप्टेंबरला कोणत्या विषयाला किती पोट्टे आहेत याचा तक्ता शिक्षण खात्याकडे जातो. मराठीच्या वर्गात तीस नावं असली तर मराठीचं पद राहतं. एकोणतीस झाली की पद जातं, मग तिथे एकवीस वर्षांपासून कोणी उभं असो. तो तक्ता मी करायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये सचिवांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. मी फायली घेऊन तिथेच उभा होतो.

“मॅडम, जमाना बदलून राहिला,” सचिव म्हणाले. “सीबीएसईतून येनारे पोट्टे मराठी पाहतच नाहीत. फ्रेंचमधी शंभरातले अठ्ठ्यान्नव भेटतेत, मराठीत कोन देते? तुम्ही फ्रेंच नाहीतर स्पॅनिश, एक करून घ्या. वर्षभराचा कोर्स असते. नाहीतर पुढच्या साली आमच्याजवळ तुमाले द्यायले तास राहनार नाहीत.”

मॅडम “बरं” म्हणाल्या आणि बाहेर आल्या. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या. मी चहा सांगितला. तो निवला तरी त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एक कागद घेऊन आल्या. मधोमध उभी रेघ मारलेली, एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. मराठीच्या बाईंचं अक्षर, त्यामुळे कागद पाहायला सुंदर होता.

“बडे बाबू, तुम्ही सांगा. कोनती घेऊ?”

“मले दोन्हीतला फरकच मालूम नाही, मॅडम. माझ्यासाठी दोन्ही बाराव्या रकान्यातल्या.”

“मग ऐका.” त्यांनी फ्रेंचवर बोट ठेवलं. “फ्रेंच आपल्याकडे चालू आहे. साठ-पासष्ट पोट्टे बसतात. आयता वर्ग भेटते मले.” त्याच्याच खाली, फ्रेंच न घेण्याच्या मुद्द्यांत, एकच शब्द लिहिला होता: हिमानी.

हिमानी आमची फ्रेंचची शिक्षिका, वय पंचवीस. तासावर काम करायची. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही. मनीषनगरात भाड्याची एक खोली, घरात अर्धांगवायूनं आडवा झालेला बाप. ती प्रेमिला मॅडमचीच विद्यार्थिनी. मॅडमनीच तिला दोन वर्षांपूर्वी इथे आणलं होतं. मॅडमना फ्रेंच आली असती तर सचिवांनी हिमानीला एका दिवसात घरी पाठवलं असतं.

“आन् स्पॅनिश?” मी विचारलं.

“स्पॅनिश नवीन आहे. त्यात कोनाची भाकर नाही.” त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. “पन पोट्टे कुठून आनायचे? फ्रेंचचे तर इकडे येनार नाहीत. येतील ते मराठीतूनच येतील. माझ्याच वर्गातून.”

आम्ही बोलत असतानाच हिमानी हजेरीपटावर सही करायला आली. तिच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. आमच्या कॉलेजात केबिनचं दार बंद असून काही फायदा नाही. तिच्या हातात एक जाड वही होती. ती मॅडमसमोर उभी राहिली.

“मॅडम, तुम्ही फ्रेंच घ्या. मी शिकवते तुमाले. रोज कॉलेज सुटल्यावर एक तास बसू. क्लासची फी कायले भरता? ही माझी पहिल्या वर्षाची वही आहे, सगळं यात आहे.”

“आन् मले आली की तू काय करशील वं?”

“मी पाहीन न काहीतरी.” तिचा आवाज नीट होता. वहीचा कोपरा मात्र ती सारखी दुमडत होती.

मॅडमनी वही घेतली, दोन पानं चाळली आणि परत तिच्या हातात दिली. “बारावीत निबंधातही तू असंच खोटं लिहीत होती. मी तेव्हाही मार्क कापले होते.”

हिमानी हसली आणि तशीच रडायला लागली. मॅडम तिला पाणी आणायला उठल्या. अशी स्पॅनिश ठरली. मला त्या दिवशी बाईंचा अभिमान वाटला. अभिमान वाटणं फार स्वस्त असतं, त्यात आपलं काही जात नाही.

वर्षभर त्या कॉलेज सुटलं की सीताबर्डीला क्लासला जायच्या. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं, कोणाला परदेशी शिकायला जायचं, कोणाला कंपनीत. शिक्षिका मॅडमपेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या महिन्यात कोणीतरी त्यांना कोणाची तरी आई समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. हे त्यांनी मला हसत सांगितलं, पण त्या दिवशी माझी एकही नोटीस तपासली नाही. बसमध्ये ओठ हलवत क्रियापदं घोकायच्या. बायजाबाईंनी एकदा विचारलं म्हणे, “हे कोन्या गावची बोली होय वं? तिथले लोक तुले नौकरी देनार हायेत का?”

एकदा चहा पिता पिता त्या म्हणाल्या, “बडे बाबू, त्यांच्यात ‘असणे’ या क्रियापदाचे दोन प्रकार आहेत. एक कायमच्या असण्यासाठी, एक तात्पुरत्या. मी इथं एकवीस वर्षांपासून दुसऱ्या प्रकारातच आहे.”

मी हसलो. त्याही हसल्या. मे महिन्यात पहिल्या वर्गात पास झाल्या. प्रमाणपत्राची झेरॉक्स मीच त्यांच्या फायलीत लावली.

जूनमध्ये सचिवांनी नवीन अट घातली. स्पॅनिशला वीस अर्ज आले तर वर्ग सुरू, एकोणीस आले तर नाही. मॅडमनी व्हरांड्यात टेबल मांडलं आणि प्रवेशाचे नऊ दिवस तिथे बसल्या. जिभेवर एकवीस वर्षं मराठी खेळवलेली बाई. जीव लावून समजावून सांगायची सवय. ती सगळी हातोटी आता त्या उलट्या कामाला लावत होत्या. “मराठीत मार्क कमी पडतात बेटा. जी येते ती पुन्हा काय शिकायची, नवीन शिक.” पोट्टे ऐकायचे. त्यांच्यासारख्या बाईनं सांगितल्यावर कोण ऐकणार नाही? माझी खिडकी त्या टेबलाच्या अगदी मागे होती. माझ्यानं ते ऐकवत नव्हतं, मी पंखा मोठा करायचो.

त्यांना वाटत होतं, मराठीचं पद आपल्या नावावर प्रस्तावात गेलेलंच आहे, त्याला काय होतं? वर स्पॅनिशचे तास मिळाले की सचिवही मागे लागणार नाहीत. त्यांचा हिशेब साधा होता आणि मुळातच चुकलेला होता.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीस अर्ज झाले. तीनच्या सुमारास काजल नावाची मुलगी आली. दोन वेण्या, हातात प्लास्टिकची फाईल. तिनं बाराव्या रकान्यात आधीच ‘मराठी’ लिहून आणलं होतं.

“मले मराठीच पाहिजे, मॅडम. माझी ताई तुमच्या वर्गात होती. ताई म्हने, गजभिये मॅडमजवळ बसशील तर मराठीतच बसशील.”

मी खिडकीतून पाहत होतो. मॅडमनी त्या मुलीचा अर्ज हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“स्पॅनिशही मीच शिकवनार आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “तू माझ्याच वर्गात बसशील.”

मुलगी खुश झाली. तिनं ‘मराठी’वर रेघ मारली आणि वर ‘स्पॅनिश’ लिहिलं. मॅडमनी शेजारी सही करून तो अर्ज माझ्या खिडकीतून आत दिला. त्यांचा चेहरा उतरला होता, पण सुटल्यासारखाही वाटत होता.

चार वाजता मी गठ्ठे वेगळे केले. फ्रेंच चौसष्ट. स्पॅनिश वीस. मराठी एकोणतीस. मी तीनदा मोजलं. मग सगळ्यात वरचा काजलचा अर्ज उचलून नुसता पाहत बसलो. हा एक कागद इकडचा तिकडे गेला असता तर स्पॅनिशचा वर्ग निघाला नसता, पण मराठीचं पद राहिलं असतं. अर्जातला विषय बदलायला अजून दोन दिवस होते. ती मुलगी तर आनंदानं बदलून देणार होती. मॅडमचा वर्ग माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर होता.

मी उठलो नाही. मी सचिवांना फोन लावला. एकतीस वर्षांची सवय; आधी वर कळवायचं.

“साहेब, मराठी एकोनतीस झाली. एक अर्ज फिरवला तर मॅडमचं पद...”

“राहू द्या,” सचिव म्हणाले. “पद आलं की कायमचं लचांड मागं लागते. मराठीले पुढं पोट्टे येनार आहेत का? तासावर भेटून राहिल्या न त्या आपल्याले. मॅडमले काही सांगू नका, उगीच बोंबाबोंब होईल.” मग म्हणाले, “आन् हो, तुमच्या पेन्शनची फाईल माझ्या टेबलावर आहे. करून टाकतो मी.”

धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. आवाज गोड होता. मी डिसेंबरात निवृत्त होणार होतो. मी “जी साहेब” म्हणालो.

ते दोन दिवस मॅडम दोनदा माझ्या टेबलापाशी आल्या. एकदा वर्गासाठी खोली मागायला. दुसऱ्यांदा उगीचच. “बडे बाबू, कागदावर सगळं बरोबर आहे न?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. कागद बरोबरच होता.

तीस सप्टेंबरला तक्ता गेला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अनुदानाची यादी आली, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यात नाव होतं: गजभिये प्रेमिला नत्थू, विषय मराठी. जुन्या प्रस्तावावरून काढलेली यादी. तपासणी अजून व्हायची होती. हे मला माहीत होतं. मॅडमनी ते नाव माझ्याच टेबलाशी उभं राहून मोबाईलवर वाचलं आणि तिथूनच घरी फोन लावला.

“माय, झाली वं. पक्की झाली.”

पलीकडून बायजाबाई रडत होत्या ते मला इथपर्यंत ऐकू आलं. “बापाले पाह्यले भेटाले पाहिजे होतं वं बाई,” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी रजिस्टर उघडून त्यात काहीतरी लिहीत बसलो. काय लिहिलं ते नंतर खोडावं लागलं.

बारा दिवसांनी तपासणीचं पत्र आलं. मराठी विषयास आवश्यक विद्यार्थीसंख्या नसल्यामुळे सदर पद अनुज्ञेय नाही. एका ओळीचं पत्र. ते मॅडमच्या हाती देऊन सही घेणं माझंच काम होतं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. मग समोरच्या खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

“म्हणजे पद विषयाचं असते?”

“हो.”

“किती पाहिजे होते?”

“तीस.”

त्यांनी मनातल्या मनात मोजलं असावं. काजल त्यांच्या स्पॅनिशच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

“तुमाले हे मालूम होतं का, बडे बाबू?”

माझ्यासमोर खरं बोलायची ती शेवटची संधी होती. त्यातून पद परत आलं नसतं. पण निदान त्यांना कळलं असतं, की चुकल्या फक्त त्या एकट्या नव्हत्या.

“नाही,” मी म्हणालो.

“नसनारच. मालूम असतं तर तुम्ही सांगतलंच असतं.” त्यांनी पत्रावर सही केली, नेहमीसारखी वळणदार. “तुम्ही काहून तोंड पाडून बसले? अर्ज तर मीच भरून घेतले. माझ्या हातानं.” दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. “मायची भेट झाली तर सांगू नका. तिले पक्की झाली म्हनूनच मालूम आहे. आता तिचं वय नाही हे ऐकायचं.”

बायजाबाईंनी तोवर गल्लीभर पेढे वाटले होते. मॅडम अजूनही रोज वेळेवर निघतात, पक्क्या नोकरीवर गेल्यासारख्या. स्पॅनिशचे वीस आणि मराठीचे एकोणतीस, दोन्ही वर्ग त्याच घेतात, तासावर. शेजारच्या वर्गात हिमानी फ्रेंच शिकवते. नोव्हेंबरात माझ्या पेन्शनच्या कागदावर सही झाली. सचिवांनी शब्द पाळला.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी सभागृहात माझा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, हार. बोलायला उभ्या केल्या प्रेमिला मॅडम. आता त्या स्पॅनिशच्या झाल्या असल्या तरी कार्यक्रमात बोलायला आमच्या कॉलेजला मराठीच लागते, आणि तशी मराठी दुसऱ्या कोणाला येत नाही. त्या सुरेख बोलल्या. माझ्या चुकलेल्या नोटिशींवर सगळ्यांना हसवलं. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, “बडे बाबूंनी एकतीस वर्षांत कोणाचा कागद कधी अडवून ठेवला नाही. खिडकीतून आत गेलेला कागद त्याच दिवशी पुढे जायचा. या इमारतीत असा माणूस पुन्हा मिळायचा नाही.”

टाळ्या वाजल्या. सचिवांनी वाजवल्या, हिमानीनं वाजवल्या, मागच्या रांगेत बसलेल्या काजलनंही वाजवल्या. मॅडमचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. काजलचा अर्ज मी दोन दिवस अडवून धरायला हवा होता, तो अडवला नव्हता.

मग मला उत्तरादाखल दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकपाशी गेलो. प्रेमिला मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. माझ्या खांद्यावरून घसरणारी शाल त्यांनी सारखी केली. सांगून टाकावं असं वाटलं, देवाशपथ वाटलं. सगळे वाट पाहत होते. मी सचिवांचे आभार मानले, सहकाऱ्यांचे मानले, मॅडमचे नाव घेऊन वेगळे मानले, आणि खाली येऊन बसलो.